खोडाळ्याच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचणारी शिष्यवृत्ती
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाचा मजकूर)



कोणत्याही संस्थेच्या आयुष्यात पन्नास वर्षांचा टप्पा हा जसा आनंदाचा, तसाच हिशेबाचा असतो. व्यापारी समाजाला हिशेब नवा नाही. दिवाळीच्या पाडव्याला जुनी वही मिटताना जमा-खर्च तपासला जातो आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर शुभचिन्ह काढले जाते. सुवर्णमहोत्सव हाही असाच पाडवा होय. मंदिराचा जीर्णोद्धार, धर्मशाळा, पाठशाळा, पांजरपोळ, दवाखाना या सर्व खात्यांवर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सढळ हाताने खर्च केला. नव्या वहीत विद्यादानाचे खाते कसे लिहावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. शिष्यवृत्ती कोणाला द्यावी, किती द्यावी आणि कशी द्यावी, हे तीन प्रश्न दिसायला साधे आहेत. परंतु त्यांच्या उत्तरांवर एखाद्या मुलाचे किंवा मुलीचे उभे आयुष्य अवलंबून असते.

दानाचे चार प्रकार

जैन परंपरेने श्रावकासाठी चतुर्विध दान सांगितले आहे: आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. भुकेल्याला अन्न दिले की त्याची एक वेळ भागते, औषधाने एक आजार बरा होतो. ज्ञानदानाचे फळ मात्र घेणाऱ्यापाशी थांबत नाही. घरातील एक मूल पदवीधर झाले की त्याची धाकटी भावंडे शाळा सोडत नाहीत, हे प्रत्येक गावात दिसते. विद्यार्थ्याला दिलेली शिष्यवृत्ती योग्य रीतीने दिली तर तिच्यात चारही दाने एकत्र येतात. खानावळीचे पैसे हे आहारदान, आजारपणातील मदत हे औषधदान, फी आणि पुस्तके हे ज्ञानदान. ‘पैशावाचून शिक्षण सुटणार नाही’ हा दिलासा म्हणजे अभयदान. या चारांपैकी शेवटचे दान सर्वांत स्वस्त आहे, आणि नेमके तेच बहुतेक शिष्यवृत्त्यांमधून गळालेले असते.

समाजाचा वारसा

या बाबतीत जैन समाजाचा वारसा मोठा आहे. सुरतेचे सुपुत्र शेठ प्रेमचंद रायचंद (१८३१–१९०६) यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी मिळून चार लाख रुपये दिले. त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी १८६६ मध्ये दूरच्या कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख रुपये दिले आणि त्यातून ‘प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती’ सुरू झाली, ही हकीकत मात्र फार थोड्यांच्या स्मरणात आहे. ज्या प्रांताशी, भाषेशी वा जातीशी शेठजींचे नाते नव्हते, तेथील बुद्धिमान तरुणांसाठी हे दान होते. १८९७ मध्ये ही शिष्यवृत्ती जदुनाथ सरकार या तरुणाला मिळाली. पुढे याच सर यदुनाथांनी शिवछत्रपतींचे चरित्र १९१९ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केले आणि रियासतकार सरदेसाई यांच्या साथीने मराठ्यांच्या इतिहासाची साधने उजेडात आणली. एका जैन व्यापाऱ्याचा पैसा बंगालमध्ये गेला आणि विद्येच्या रूपाने महाराष्ट्रात परत आला. विशेष म्हणजे १८६५ च्या शेअर बाजाराच्या कोसळण्यात शेठजींची प्रचंड संपत्ती बुडाली होती. व्यापारात गुंतवलेले गेले, विद्येत गुंतवलेले उरले.

सेठ माणिकचंद हिराचंद झवेरी (१८५१–१९१४) यांनी ठिकठिकाणी विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे उभी केली. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेने वसतिगृहे आणि शिष्यवृत्त्या यांना आपल्या कार्यात मानाचे स्थान दिले. आचार्य विजयवल्लभसूरीश्वरजींच्या प्रेरणेने १९१५ मध्ये मुंबईत श्री महावीर जैन विद्यालयाची स्थापना झाली. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना राहण्या-जेवण्याची सोय आणि कर्जरूप शिष्यवृत्ती ही त्या संस्थेची पद्धत. शिकून कमावता झालेला विद्यार्थी रक्कम परत करतो आणि त्यातून पुढचा विद्यार्थी शिकतो. घेणाऱ्याचा स्वाभिमान अबाधित राहतो आणि निधीही आटत नाही.

कर्मवीरांची शिकवण

या परंपरेतील सर्वांत तेजस्वी नाव कर्मवीर भाऊराव पाटील यांचे. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. कोल्हापुरात शिकत असताना ते जैन बोर्डिंगात राहत. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. ही घटना सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी सांगावी की सांगू नये, असा संकोच कोणाच्या मनात येणे शक्य आहे. ती सांगितलीच पाहिजे. ज्या मुलाला नियमाने बाहेर काढले, त्यानेच समाजाचे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत नेले. निवडीच्या वा शिस्तीच्या कसोटीवर नापास ठरलेला विद्यार्थी गुणहीन असतोच असे नाही. कधी कधी कसोटीच तोकडी असते.

भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. एका छताखाली, एका पंक्तीत, एकाच चुलीवरचे अन्न, असा तेथील दिनक्रम होता. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी या वसतिगृहात आले आणि ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नामकरण झाले. वसतिगृहात धान्य संपले तेव्हा सौ. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मुलांच्या जेवणासाठी दिले. सोवळ्या-ओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या या माउलीने सर्व जातींच्या लेकरांना पोटाशी धरले आणि १९३० मध्ये देह ठेवला. त्याग हा शब्द समाजात वारंवार उच्चारला जातो. त्याचा अर्थ पाहायचा असेल तर साताऱ्याच्या त्या स्वयंपाकघराकडे पाहावे.

जून १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. ‘कमवा आणि शिका’ हे त्याचे सूत्र होते. विद्यार्थ्याने शेतात, बांधकामावर, कार्यालयात काम करावे आणि त्या श्रमावर आपले शिक्षण पूर्ण करावे. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे रयतेचे बोधवाक्य याच विचारातून आले. तेथे श्रम ही शिक्षा नव्हती. उपकाराचे ओझे हलके करणारी ती युक्ती होती. शाहू बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील हे पुढे बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंत पोहोचले. सर्वांगीण विकास म्हणजे काय, याची व्याख्या शोधण्यासाठी महाराष्ट्राला परदेशी पुस्तके चाळण्याची गरज नाही.

खोडाळ्याचे चित्र

ही परंपरा आज कोठे न्यायची? उत्तर दूर नाही. कसाऱ्याहून विहीगावमार्गे घाट चढून गेलेला रस्ता खोडाळ्याला पोहोचतो. सूर्यमाळचे पठार आणि देवबांधचे गणेशस्थान जवळच आहे. पावसाळ्यात हा प्रदेश पाहणाऱ्याला भूलोकीचा स्वर्ग वाटतो. मोखाडा आणि जव्हार हे तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते, १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहेत. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी या जमातींची ही भूमी. भात, नागली, वरई ही पिके एका पावसावर येतात. दिवाळी सरली की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर आणि द्राक्षबागांत मजुरीला निघतात ती होळीला घराकडे वळतात. मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे वैतरणेवर बांधलेल्या आणि २०१४ मध्ये पूर्ण झालेल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातील पाड्यांवरच्या स्त्रिया हंडाभर पाण्यासाठी पायपीट करतात. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हळहळला होता.

तरीही या मुलखातील मुले शिकत आहेत. आश्रमशाळा आहेत, वसतिगृहे आहेत. जव्हारला गोखले एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय आहे आणि मोखाड्याला रयत शिक्षण संस्थेचे. कुंभोजच्या जैन घरात जन्मलेल्या कर्मवीरांचे वडाचे झाड आपली पारंबी घेऊन मोखाड्याच्या डोंगरापर्यंत येऊन पोहोचले आहे. समाजाला याहून स्पष्ट आमंत्रण कोणते हवे?

अडचण सुरू होते ती बारावीनंतर. अभियांत्रिकी, वैद्यकीय, परिचर्या, औषधनिर्माण वा विज्ञानातील उच्च शिक्षणासाठी मुलाला नाशिक, ठाणे, मुंबई गाठावी लागते. शासनाच्या योजना नाहीत असे नाही. अनुसूचित जमातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे आहेत, वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क २०२४-२५ पासून शासनाने पूर्णतः माफ केले आहे. या योजनांचे मोल कमी लेखू नये. परंतु त्यांच्या सांध्यांमध्ये फटी आहेत, आणि गरीब विद्यार्थी त्या फटींतूनच घसरतो.

प्रवेशाची यादी जून-जुलैत लागते, शिष्यवृत्तीची रक्कम नंतर केव्हातरी खात्यावर जमा होते. मधल्या काळात खोलीची अनामत, खानावळीचे आगाऊ पैसे, बसचा पास, वह्या-पुस्तके हे कोणी भरायचे? प्रवेशपरीक्षेचे शुल्क आधी भरावे लागते. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, जातीचा दाखला आणि जातवैधता प्रमाणपत्र यांसाठी पालकाची मजुरी बुडते. अर्ज ऑनलाइन भरायचा, तर पाड्यावर मोबाईलला रेंज मिळेलच याची खात्री नाही. पात्र असूनही मूल मागे राहते ते लाखांच्या फीमुळे नव्हे, तर पाच-दहा हजारांच्या या पहिल्या पायरीमुळे. शासनाची मोठी गाडी येईपर्यंत मुलाला थांब्यावर उभे राहता यावे, एवढे बळ देणे हे एखाद्या ट्रस्टच्या आवाक्यातील काम आहे.

दुसरे चित्र समाजाच्या घरातीलच आहे. बाजारपेठेच्या छोट्या गावांत किराणा, कापड, भांडी यांची दुकाने चालवणाऱ्या सर्वच कुटुंबांची स्थिती भक्कम असते, हा गैरसमज आहे. गिऱ्हाईक स्थलांतराला गेले की दुकानही थंडावते. उधारीची वही भरलेली आणि गल्ला रिकामा, अशी अवस्था असते. परंतु ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ म्हणून असे कुटुंब हात पसरत नाही. मुलगी हुशार असते, पण बारावीनंतर तिला घरी बसवले जाते आणि कारण पैशाचे सांगितले जात नाही. जैन समाजाला जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्याचा लाभ कागदोपत्री पात्र असलेल्या कित्येकांनी केवळ संकोचाने मागितलेला नाही. साधर्मिक भक्तीचा खरा अर्थ या संकोचाच्या दारावर हलक्या हाताने टकटक करणे हा आहे.

सर्वांगीण म्हणजे कोण?

शिष्यवृत्तीच्या जाहिरातींत ‘हुशार, अष्टपैलू व गरजू’ असे तीन शब्द एका ओळीत लिहिण्याची प्रथा आहे. हे तिन्ही शब्द तपासून घ्यावे लागतात.

जगप्रसिद्ध ऱ्होड्स शिष्यवृत्ती सेसिल ऱ्होड्स यांच्या मृत्युपत्रानुसार १९०२ नंतर सुरू झाली. केवळ पुस्तकी किडे नकोत, खेळ, चारित्र्य आणि नेतृत्व हेही पाहावे, ही तिची अट. कल्पना थोर होती. पण १९७७ पर्यंत स्त्रियांना ती मिळू शकत नव्हती, आणि गरज हा तिचा निकषच नव्हता. अष्टपैलुत्वाची व्याख्या ज्यांच्या हाती, त्यांच्या मुलांसारखीच मुले अष्टपैलू ठरतात, हा त्यातला धोका आहे.

अर्जातील ‘इतर उपक्रम’ या रकान्यात शहरातील विद्यार्थी बुद्धिबळाची प्रमाणपत्रे, वक्तृत्वाची पदके, गायनाच्या परीक्षा लिहितो. खोडाळ्याचा विद्यार्थी तो रकाना कोरा सोडतो. पण तो कोराच असतो काय? आई-वडील वीटभट्टीवर गेले असताना धाकट्या भावंडांना रांधून घालून शाळेत नेणारी मुलगी व्यवस्थापन शिकलेली नसते काय? पहाटे विहिरीवरून पाणी आणून, आवणीच्या दिवसांत चिखलात उभे राहून, रात्री अभ्यासाला बसणारा मुलगा कष्टाच्या परीक्षेत उत्तीर्ण नसतो काय? तारप्याच्या तालावर फेर धरणारी, घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक रेखाटणारी, मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटा धारण करून संबळाच्या नादावर सोंग नाचवणारी माणसे कलावंत नसतात काय? त्यांच्याजवळ गुण आहेत, प्रमाणपत्र नाही. कोऱ्या रकान्यामागचा विद्यार्थी पाहायचा असेल, तर निवड समितीने अर्ज मागवून थांबू नये. समितीतील दोघांनी विद्यार्थ्याच्या घरी जावे, शिक्षकांशी बोलावे, ओटीवर बसून चहा घ्यावा. अर्ध्या तासात जे दिसते ते दहा पानी अर्जात मावत नाही. भाऊरावांनी मुले अशीच गावोगाव फिरून जमवली होती.

गुणांबाबतही हेच. शिकवणी, इंटरनेट आणि स्वतंत्र खोली यांच्या आधाराने मिळालेले नव्वद टक्के, आणि यांपैकी काहीही नसताना मिळालेले पंच्याहत्तर टक्के, यांची तुलना नुसत्या आकड्यांनी करणे हा व्यापाऱ्याच्या तराजूलाही न शोभणारा व्यवहार आहे. अनेकान्ताची शिकवण देणाऱ्या धर्माच्या अनुयायांनी तरी एका बाजूने पाहून निर्णय देऊ नये.

अर्ध्यावर सोडू नये

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रातील एक प्रसंग प्रत्येक विश्वस्ताने ध्यानात ठेवावा असा आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पुढे लंडनमधील अभ्यास सुरू असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. ते अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी सिडनहॅम महाविद्यालयातील पगारातून काटकसरीने साठवलेली रक्कम, शाहू महाराजांनी दिलेले दीड हजार रुपये आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. महाराजांचे औदार्य वादातीत आहे. परंतु बाबासाहेबांसारख्या महापुरुषालाच तुटलेला धागा पुन्हा जोडता आला. खोडाळ्याच्या सामान्य घरातील मुलाचा धागा दुसऱ्या वर्षी तुटला, तर तो बहुधा कायमचा तुटतो. पन्नास विद्यार्थ्यांना एकदा एक हजार रुपये देऊन पन्नास छायाचित्रे काढण्यापेक्षा, पाच विद्यार्थ्यांना पदवी हाती पडेपर्यंत सांभाळणे अधिक पुण्याचे आहे.

काय करता येईल?

यावरून पुढील वाटचालीसाठी काही सूचना सुचतात. रक्कम सत्काराच्या तारखेला नव्हे, तर प्रवेशाच्या दिवशी, म्हणजे जून-जुलैत हाती पडावी. शब्द संपूर्ण अभ्यासक्रमाचा द्यावा. एखाद्या सत्रात गुण कमी पडले तर मदत थांबवण्याआधी कारण विचारावे. शासकीय योजनेचा अर्ज भरून देणारा आणि दाखल्यांसाठी मार्ग दाखवणारा एक जाणता कार्यकर्ता नेमावा. त्याच्या मानधनावर झालेला खर्च कित्येक पटींनी विद्यार्थ्यांना परत मिळतो. नाशिक, ठाणे, मुंबईत स्थायिक झालेल्या समाजबांधवांच्या कुटुंबांनी प्रत्येकी एका विद्यार्थ्याचे पालकत्व घ्यावे आणि रविवारी त्याला घरचे जेवण घालावे. परक्या शहरात पैशाइतकीच माणसाची गरज असते. व्यासपीठावर पाकीट देतानाचे छायाचित्र टाळावे. गुप्तदानाची महती ज्या समाजाला ठाऊक आहे, त्याने घेणाऱ्याचे नाव गुप्त ठेवण्याची महतीही जाणावी. परतफेडीचा करार सक्तीचा नसावा. कमावता झाल्यावर एका विद्यार्थ्याला हात देईन, एवढा शब्द पुरेसा आहे.

एक प्रश्न उरतो, आणि तो टाळता येण्यासारखा नाही. समाजाचा पैसा समाजाच्याच मुलांना मिळावा, असे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. घरातले मूल उपाशी ठेवून शेजारी वाढणे हा धर्म नव्हे. म्हणूनच संकोचाने गप्प बसलेल्या साधर्मिक कुटुंबांचा विचार आधी मांडला आहे. परंतु ज्या बाजारपेठांत व्यापार वाढला, त्या बाजारपेठांचे गिऱ्हाईक आसपासच्या पाड्यांवरून आले. नागली-वरई विकून आलेल्या पैशातून त्याने मीठ, तेल, कापड घेतले. त्या गल्ल्यातील काही वाटा त्याच्या नातवाच्या शिक्षणासाठी परत जाणे हा उपकार नव्हे, ते ऋण फेडणे आहे. प्रेमचंदशेठनी कलकत्त्याच्या विद्यार्थ्याला जात विचारली नाही. लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र देताना ताटावर कोण बसले आहे हे पाहिले नाही. ‘परस्परोपग्रहो जीवानाम्’ हे सूत्र जैन प्रतीकचिन्हाखाली लिहिलेले असते. जीवांनी एकमेकांना आधार द्यावा, एवढाच त्याचा अर्थ. त्यात जीवाच्या आधी कोणतेही विशेषण नाही.

सुवर्णमहोत्सवाच्या निधीतील एक भाग, लहान का होईना, दोन्ही चित्रांतील विद्यार्थ्यांसाठी कायमचा राखून ठेवावा, ही या व्याख्यानाची विनंती. जूनचा पहिला पाऊस सूर्यमाळच्या पठारावर पडेल, तेव्हा खोडाळ्याच्या एखाद्या घरात बारावीची गुणपत्रिका हातात घेऊन एक मुलगी बसलेली असेल. तिची ट्रंक भरलेली असेल की नसेल, हे ठरवणे या सभागृहातील मंडळींच्या हाती आहे.

जय जिनेंद्र.